पेवातला बिननावाचा जीव

१९ सप्टेंबर २०२४, मोताळा

आज तिसऱ्या तासाला प्रयोगशाळेच्या दारात एक गृहस्थ काडेपेटी घेऊन उभे. डोक्याला रुमाल, वय माझ्याहून चार-दोन वर्षांनी जास्त असेल. म्हणाले, "प्राण्याच्या बाई तुमीच का?" या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून केस पिकले, पण इतकी नेमकी पदवी मला अजून कोणी दिली नव्हती.

नाव वामनराव, धामणगाव बढ्याचे. गोठ्यात त्यांच्या गाईचा मागचा पाय जमिनीत गेला आणि खाली पेव निघालं. आजोबांच्या काळी ज्वारी साठवायला पांढऱ्या मातीत खोदलेला खड्डा, आत माणूस उभा राहील एवढा खोल, तोंड अरुंद आणि वर दगड. तो दगडच खचला होता. आत कंदील सोडून पाहिला, विझला नाही, म्हणून हे उतरले. तर ओल्या भिंतीवर हे प्राणी.

"इच्चूचं पिल्लू हाये का पाहा बरं. घरात नातवंडं हायेत. असलं त मुरूम टाकून बुजून टाकतो."

काडेपेटी उघडली आणि मी ती थेट खिडकीच्या उजेडात नेली. विंचू नव्हे, कोळीही नव्हे. तांदळाच्या दाण्याएवढं, फिकट. शेपटीच्या जागी नुसता खुंट. पुढचे दोन पाय दोऱ्यासारखे लांब, त्यांनी चाचपत चाललेलं. डोळे नाहीत. कोळी-विंचवांच्या खानदानातला हा विसरलेला चुलता. शास्त्रात शिझोमिड म्हणतात, मराठीत त्याला कोणी कधी हाकच मारलेली नाही. पुस्तकातल्या चित्राबाहेर मी तो जन्मात पाहिला नव्हता.

"चावत नाही," मी म्हटलं. "आणि पेव बुजवू नका. हात जोडते."

"तुमी म्हनता त नाही बुजत, बापा," ते म्हणाले आणि तो जीव माझ्या बाटलीत सोडून रिकामी काडेपेटी खिशात घालून गेले.

घरी भालचंद्रला सांगितलं. कोर्टातली कारकुनी संपवून निवृत्त झाल्यापासून तो माझ्या प्रत्येक उत्साहाला पुढची तारीख देतो. म्हणाला, "किडे म्हणजे तुझं माहेर. पण उद्या विभाग बंद झाला की माहेरही तुटेल." खोटं नाही. यंदा या विषयाला किती मुलांनी प्रवेश घेतला ते लिहायचीही लाज वाटते.

२२ सप्टेंबर

धामणगावला जाऊन आले. पेवाच्या तोंडाशी पालथी पडून बॅटरी आत मारली. उजेड पडला की भिंतीवरचं एकेक सरकून भेगेत जायचं. पाच-सात तरी दिसले, भेगांत किती असतील कोण जाणे. वामनरावांच्या मिसेस, शालूबाई, माझे पाय धरून बसल्या होत्या, मी आत पडेन म्हणून.

रेवतीला तिथूनच फोन लावला. माझी बीएस्सीची विद्यार्थिनी, आता बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत अशाच बारक्या जिवांचा डीएनए वाचते. ती एवढ्या जोरात "काय?" म्हणाली की शालूबाई दचकल्या. मग लगेच शास्त्रज्ञ झाली: दुसरा एकही पकडू नका मॅडम, आतली ओल, ऊब सगळं मोजायचं आहे, मी स्वतः येईन. हाताशी आहे तो अल्कोहोलमध्ये टाका आणि पाठवा.

टाकला. जरा वेळ हलत होता.

वामनरावांना विचारलं, पेव असंच राहू द्याल का? गोठ्याचा कोबा करायचा होता त्यांना, सिमेंट आणून ठेवलेलं होतं. म्हणाले, "गाय बांधतो लिंबाखाली. एवढं काय."

११ नोव्हेंबर

रेवतीचा फोन. एक पाय कापून त्यातला डीएनए काढला आणि वाचला. आजवर जगात जेवढ्या शिझोमिडांचा वाचलेला आहे त्या सगळ्यांशी ताडून पाहिला. कशाशीच जुळत नाही. नुसती वेगळी जात नाही, ती म्हणाली, ही फांदीच खूप खालून फुटलेली आहे. धामणगावच्या पांढरीत हे लोक कधीपासून अंधारात बसलेत त्याचा हिशेब लागत नाही.

मी तिला ते दोनदा सांगायला लावलं. मग तिनं पुढचं सांगितलं. आपल्याकडचं पिल्लू आहे, वयात आलेलं नाही. या लोकांत नराच्या शेपटीचा खुंट कसा आहे त्यावर जात ठरते. वाढलेला नर हाती लागल्याशिवाय नाव देता येणार नाही. ती डिसेंबरात येते आहे.

म्हणजे सगळं त्या एका खड्ड्यावर आलं. मला हे आवडलेलं नाही. माझ्या आयुष्यात जे जे एका गोष्टीवर आलं, ते ते बुडालेलं आहे.

वामनरावांना फोनवर समजावलं. डीएनए वगैरे ऐकून घेऊन ते म्हणाले, "म्हंजे त्याची भाऊबंदकी काढली तुमी. आन याले भाऊबंदच नाही."

"अगदी तसंच."

"नाव काय ठेवसान?"

मी म्हटलं, नावात धामणगाव घालू. पलीकडे फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग शालूबाईंना ओरडून सांगताना ऐकू आलं.

२५ नोव्हेंबर

कॉलेजची तपासणी समिती परवा येते आहे. प्राचार्यांच्या अंगात आलं आहे. भिंतींना चुना, पायऱ्यांना गेरू, फरशीला फिनेल. माझ्या प्रयोगशाळेतल्या जुन्या बरण्या, त्यातले साप-बेडूक पिवळे पडले म्हणून, उचलून मागच्या खड्ड्यात. मी भांडले. "मॅडम, पाहुणे हे बघायला येणार का?" इति प्राचार्य. प्राणिशास्त्राच्या विभागात प्राणी बघायला नाही तर काय चुना बघायला येणार? पण बोलून उपयोग नाही.

या धांदलीत वामनराव आले. धामणगावहून मुद्दाम. बंगळुरूची मंडळी कोणत्या दिवशी येणार ते पक्कं विचारायला. म्हटलं, आठ तारखेला, रविवारी. रंगाऱ्यांकडे, चुन्याच्या डब्यांकडे, फिनेल मारणाऱ्या शिपायाकडे बघत राहिले बराच वेळ.

"हे काय चालू हाये बाई?"

"मोठे लोक यायचे असले की असंच असतं, वामनराव," मी वैतागून म्हटलं.

"हाव, बरोबर हाये," ते म्हणाले. फारच मन लावून बघत होते. बिचाऱ्यांना आमच्या कॉलेजचं भारी कौतुक.

१ डिसेंबर

समिती आली, चुना पाहिला, काजू खाल्ले, गेली. विभागाचं भवितव्य "विचाराधीन" आहे. म्हणजे गेला.

वामनरावांचा फोन नेमका मी प्राचार्यांसमोर असताना. "बाई, पाहुने खाली उतरतीन ना? त्यायचे कपडे भरतीन. आन काही चावलं-बिवलं त?" मी म्हटलं, तुम्ही बघा काय ते, सगळं नीट असू द्या, मी नंतर बोलते. नंतर बोलायचं राहून गेलं. माणूस किती काळजी करतो, आणि आमचे प्राचार्य बघा.

८ डिसेंबर, रात्री

काय लिहू.

सकाळी रेवतीला मलकापूर स्टेशनवरून घेतलं. गाडीत ती पोरीसारखी बडबडत होती. धामणगावात शिरलो तर वामनरावांच्या दारात रांगोळी, शालूबाई औक्षणाचं ताट घेऊन उभ्या. रेवतीला कुंकू, शाल, नारळ. गावातले दहा-बारा जण खुर्च्या टाकून बसलेले. मला तोपर्यंत बरंच वाटत होतं.

गोठ्यात पाय टाकला आणि वास आला. कपाशीवर मारायच्या औषधाचा.

पेवाच्या तोंडाला सिमेंटची गोल कड बांधलेली. वर पत्र्याचं झाकण, त्याला कडी. आत लाकडी शिडी, तिला निळा ऑइलपेंट. वायर ओढून आत ट्यूबलाइट लावलेली. आणि भिंती, खालपासून वरपर्यंत, चुन्यानं पांढऱ्याफटक. तळाला नवी कोरी सतरंजी.

वामनराव सांगत होते. आधी सगळं खरवडून काढलं. मग फवारणीचा पंप पाठीला लावून स्वतः उतरले, दोनदा मारलं. "एक भेग सोडली नाही, बाई. सगळ्या चुन्यानं लिंपून घेतल्या. किडामुंगी काही राह्यलं नाही. आता मांडी घालून बसा आतमंदी." खरवडलेलं उकिरड्यावर नेऊन पेटवून दिलं होतं.

मी त्यांना फोनवर शंभरदा सांगितलं होतं की आतले प्राणी मोलाचे आहेत. पण त्यांच्या समजुतीत ते मोलाचे प्राणी मी बाटलीत घालून नेले होते. माझ्याकडे होतं ते, काडेपेटीतलं. पाहुणे येणार होते ते त्याची जागा बघायला. देवाचं जन्मस्थान बघायला लोक येतात तसे. मला हे आता लिहिताना कळतं आहे.

रेवती उतरली. भिंगानं भिंत न् भिंत पाहिली. वर आली तेव्हा चेहरा चुन्यासारखा. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "मॅडम, काही नाही राहिलं. सांगू या का त्यांना?" मी डोळ्यांनी दटावलं. शालूबाई शेजारीच उभ्या होत्या, त्यांच्या बोटांना चुन्यानं चिरा पडल्या होत्या, त्यावर तेल लावलेलं. काय सांगायचं? कोणत्या तोंडानं?

रेवती समजली. वामनरावांना म्हणाली, "काका, फार छान ठेवलंय." त्यांनी लोकांकडे वळून पाहिलं. इतकं सुख मी कोणाच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग जेवलो. रोडगे, वांग्याची भाजी. नको म्हणवत नव्हतं आणि शालूबाई वाढत होत्या.

९ डिसेंबर

रेवतीला गाडीत बसवलं. ती म्हणाली, आशा थोडी आहे. मातीच्या आत खोलवर बारक्या भेगा जातात, तिथं औषध पोचलं नसेल. अंडी घेऊन एखादी मादी बसली असेल. औषधाचा जोर उतरू दे, चुना पोपडे धरून पडू दे, पावसाळ्यात ओल मुरू दे. पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी बघू. तोपर्यंत कोणी हात लावता कामा नये.

वामनरावांना फोन करून एवढंच सांगितलं: पाहुणे फार खूश झाले, पावसाळा सरत आला की परत येतील, तोवर पेव आहे तसं ठेवा.

"अगदी तसंच ठेवतो," ते म्हणाले.

२६ जानेवारी २०२५

झेंडावंदन करून भालचंद्रला घेऊन सोनाळ्याला. तिकडच्या संत्र्याच्या बागांत ओल्या पाल्याखाली असले प्राणी असतील अशी रेवतीची अटकळ. बागवानाची परवानगी घेतली, दुपारभर गुडघ्यांवर. भालचंद्र बांधावर बसून संत्री सोलत होता. "एवढ्या भक्तीनं देवासमोर बसली असतीस तर," वगैरे.

सापडले! तीन, त्यात एक नर, खुंट स्पष्ट दिसतो. बाटली छातीशी धरून घरी आले. दिसायला हुबेहूब आपलाच. भालचंद्रनं चक्क हात पुढे केला आणि माझं अभिनंदन केलं.

१७ मार्च

तो आपला नाही. डीएनए वाचला. हा दूरवर दुसरीकडेही सापडणारा, आधीच नाव असलेला. धामणगावच्याशी त्याचं नातं माणसाचं आणि खारीचं असावं तेवढं. दिसायला सारखे, आणि आत एवढं अंतर. रेवती म्हणते, म्हणून तर नुसत्या डोळ्यांवर विसंबायचं नाही.

वडनेर भोलजीलाही जाऊन आले. तिथं जुनी पेवं होती म्हणून ऐकलं होतं. होती. एकावर समाजमंदिर, दुसऱ्यावर सिमेंटचा रस्ता. धामणगावातलीही बाकीची सगळी कधीच बुजली. मी बुजवू दिलं नाही ते एकच राहिलं होतं.

४ मे

उन्हानं जीव नकोसा. विभाग बंद करण्याचं पत्र आलं. मला वर्षभर पर्यावरणाचे तास देतील आणि मग निरोप. रडू आलं नाही, याचंच आश्चर्य वाटलं.

वामनरावांचा फोन. आंब्याची पेटी पाठवली आहे म्हणाले. आणि, "पाहुने नक्की येतीन ना बाई? गावात लोक इचारतात, नाव कवा येते म्हून."

म्हटलं, येतील, पावसाळ्यानंतर. पेव ठीक आहे ना? कोणाला हात लावू देऊ नका.

"दुसऱ्याले कायले लावू देतो? मी सोता पाहून राह्यलो ना. तुमी सांगतलं तसंच हाये, काडीचा फरक नाही."

देवमाणूस आहे. अशा वेळी वाटतं, कधीतरी बसून खरं काय ते सांगून टाकावं. मग वाटतं, कशाला? पावसाळ्यात एखादा दिसला तर सांगायची वेळच येणार नाही.

१९ जुलै

पाऊस चांगला. दिवसभर झड. खिडकीत उभी राहून धामणगावच्या मातीत पाणी कुठवर मुरलं असेल याचा विचार करते. भालचंद्र म्हणतो, एवढी वाट तू माझीही कधी पाहिली नाहीस. रेवतीची सप्टेंबरात कुठंतरी परिषद आहे, तिथं ती या फांदीबद्दल बोलणार आहे. नर मिळाला तर तिथंच नाव जाहीर करू म्हणाली. मी हो म्हटलं. आशेची मला सवय नाही, पचत नाही.

३१ ऑगस्ट

आज गेले. एकटीच. बॅटरी, कुंचला, अल्कोहोलच्या कुप्या. वाटेत नळगंगेचं पाणी भरून चाललेलं, कपाशी कमरेला आलेली. मन उगाच हलकं झालं होतं.

वामनरावांनी झाकणाची कडी काढली. तोच वास. ताजा.

आत बॅटरी मारली. पांढऱ्याफटक भिंती. एक पोपडा नाही, एक भेग नाही.

"दर अमावस्येले औषध मारतो," वामनराव म्हणाले. "त्या दिवसापासून एक अमावस्या सोडली नाही. चुना होळीले एक हात मारला आन आता पोळ्याच्या आदल्या दिवशी एक. तुमी म्हनलं होतं ना, हाये तसं ठेवा. पाहा, पाहुने आले त्या दिवशी होतं तसंच हाये का नाही?"

मी जमिनीवरच बसले. शालूबाई पाणी घेऊन धावल्या, त्यांना वाटलं ऊन लागलं. मग मी सांगितलं. सगळं. की ते प्राणी पाहुण्यांना जिवंत हवे होते. की त्या दिवशीच ते मेलेले होते. की भेगांत उरलेले असतील म्हणून मी इतके महिने थांबले होते. की असा जीव दुसरीकडे कुठं नाही, निदान आम्हाला सापडला नाही. सांगताना माझा आवाज वर्गात असतो तसा झाला होता, तो मला ऐकू येत होता आणि बदलता येत नव्हता.

वामनराव पेवाच्या तोंडाशी उकिडवे बसून आत बघत राहिले. आत ट्यूबलाइट चालूच होती. शालूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"म्हंजे मीच मारले," ते म्हणाले.

मी म्हटलं, तुमची चूक नाही, तुम्ही पाहुण्यांसाठी केलंत.

"पयल्या बारीचं सोडा. पयल्या बारीले मले मालूमच नव्हतं." ते माझ्याकडे बघत नव्हते. "पन त्या दिवशी तुमी दोघी जेवल्या ना आमच्या घरी? छान ठेवलं म्हनल्या. तवाच काऊन नाही सांगतलं, बाई? मी पंप हातात घेतला नसता. उरले-सुरले राह्यले असते."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," मी म्हटलं.

"वाटलं असतं," ते म्हणाले. "मंग?"

मी कुप्या पिशवीत भरायला लागले. ते अजून आतच बघत होते. मग म्हणाले, "आमाले समजलं नसतं, असं वाटलं तुमाले."

तसं नाही हो, मी म्हटलं. पण तसंच होतं. त्यांना वाईट वाटेल एवढंच मी धरून बसले होते. त्यांना समजेल, समजून ते पेवाला पहारा देतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्या माणसानं माझ्या एका शब्दावर गाय लिंबाखाली बांधली, त्याच्याबद्दल.

शिडी त्यांनी वर ओढून घेतली. विजेची वायर काढली. म्हणाले, उद्या मुरूम आणतो, गाईले पावसात किती दिवस ठेवायचं. मी हो म्हटलं. मला फाट्यापर्यंत सोडायला नेहमीसारखे आले नाहीत.

भालचंद्रला सांगितलं. त्यानं ताट वाढून समोर ठेवलं.

रेवतीचा मेसेज येऊन पडला आहे: "गेलात का मॅडम? काही दिसलं?" तिची परिषद पुढच्या आठवड्यात. भाषण तयार करते आहे, किती उत्साहात असते हल्ली. तिला आताच नाही कळवत. परिषद होऊन जाऊ दे. उगाच कशाला तिचं मन दुखवायचं.